उंबरठ्यावर थांबणारा: व्हँपायरची प्रेमकथा जुन्या काळातच का रंगते?

प्रश्न असा आहे: "व्हँपायरच्या प्रेमकथा मी अधाशासारख्या वाचते, पण त्या जुन्या काळात घडत असतील तरच. मोबाइल आणि कॉलेज आलं की दोन प्रकरणांत माझं मन उडतं. हे नुसतं झगे आणि मेणबत्त्यांचं आकर्षण आहे की आणखी काही? आणि मराठीत अशी कादंबरी लिहायची तर काय सांभाळावं?"

गेली 22 वर्षं मी कादंबऱ्यांचं संपादन करते आहे. त्यांत भयकथा आणि प्रणयकथा यांच्या सीमेवरची हस्तलिखितं बरीच आली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे.

झगे आणि मेणबत्त्या आवडतातच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तेवढ्यासाठी कुणी चारशे पानं जागून काढत नाही. व्हँपायर हा नियमांनी जखडलेला प्राणी आहे. कुणी बोलावल्याशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नाही, दिवस त्याचा नाही, आणि जगायचं तर कुणाचं तरी रक्त घ्यावंच लागतं. 18व्या-19व्या शतकातला युरोपही असाच जखडलेला होता. कुणी कुणाशी बोलायचं, कुणाबरोबर नाचायचं, कुणाच्या घरी कोणत्या वेळी जायचं, सगळं ठरलेलं. या दोन नियमावल्या एकमेकींत अडकल्या की कथेला आपोआप पीळ बसतो. आजच्या काळात नायिका एक मेसेज टाकते आणि भेट होते. मग ताण बाहेरून आणावा लागतो: शिकाऱ्यांच्या टोळ्या, गुप्त संघटना, हजार वर्षांपूर्वीची भाकितं. तुमचं मन बहुधा तिथेच उडत असणार.

हा पीळ आजच्या लेखिकांनी शोधलेला नाही. तो पहिल्यापासूनच आहे. इंग्रजीतली पहिली महत्त्वाची व्हँपायरकथा 1819च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एका मासिकात छापली गेली. ती लिहिली होती जॉन पोलिडोरी या तरुण डॉक्टरने, पण नाव छापलं गेलं प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरनचं. पोलिडोरी हा बायरनचा खासगी डॉक्टर. 1816 साली जिनिव्हा सरोवराकाठच्या बंगल्यात पावसाने अडकलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं, त्यातून ही कथा निघाली. (आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या राखेने युरोपचा तो उन्हाळा गारठवला होता.) कथेतल्या व्हँपायरचं नाव लॉर्ड रुथ्वेन. हे नाव पोलिडोरीने उचललं लेडी कॅरोलिन लॅम्बच्या कादंबरीतून. तिने त्या कादंबरीत आपल्याला सोडून गेलेल्या बायरनचंच चित्र काढलं होतं. म्हणजे साहित्यातला हा पहिला उमराव व्हँपायर एका दुखावलेल्या प्रेयसीच्या लेखणीतून नाव घेऊन आला. प्रणय त्याला नंतर चिकटवलेला नाही, तो त्याच्या नावातच आहे.

त्या कथेचा कणा बघा. ऑब्री नावाच्या तरुणाकडून रुथ्वेन मरता मरता शपथ घेतो: वर्ष आणि एक दिवस माझ्याबद्दल कुणाला काही सांगायचं नाही. पुढे तोच रुथ्वेन लंडनमध्ये जिवंत दिसतो आणि ऑब्रीच्या सख्ख्या बहिणीशी लग्न ठरवतो. ऑब्री शपथ मोडू शकत नाही, कारण सभ्य गृहस्थाने दिलेला शब्द मोडणं म्हणजे त्या समाजात मेल्यात जमा. तो वेडापिसा होतो, पण वेळ निघून जाईपर्यंत तोंड उघडत नाही. इथे व्हँपायरने दातांपेक्षा त्या काळाची रीत हत्यार म्हणून वापरली आहे. हीच गोष्ट 2020च्या दशकात बसवली तर दुसऱ्याच पानावर आपण म्हणू, "अरे, सांग ना तिला!" आणि कथा संपेल.

त्याआधीचे लोककथेतले व्हँपायर कुणाला प्रेमात पाडण्यासारखे नव्हते. 1718च्या तहानंतर उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला आणि तिथल्या खेड्यांतले प्रकार सरकारी कागदांवर उतरले. 1732च्या जानेवारीत लष्करी वैद्यांनी मेद्वेजा गावातली प्रेतं उकरून अहवाल लिहिला: अंग फुगलेलं, तोंडाशी ताजं वाटणारं रक्त, नखं वाढल्यासारखी. हे सगळं कुजण्याच्या प्रक्रियेतच होतं. वायूने शरीर फुगतं, द्रव तोंडाकडे ढकलला जातो, कातडी आक्रसली की नखं लांब दिसतात. पुढे 1755 साली सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपल्या वैद्याच्या, जेरार्ड व्हान स्वीटेनच्या सल्ल्याने प्रेतं उकरणं बंद करवलं. ते व्हँपायर शेतकरी होते, शेजारी होते, लालबुंद आणि सुजलेले. फिकट, देखणा, उमराव व्हँपायर ही शहरातल्या लेखकांची निर्मिती. हा फरक लक्षात ठेवा, कारण कादंबरी सर्बियातल्या खेड्यात ठेवायची की लंडनच्या दिवाणखान्यात, यावर तुमचा नायक कसा दिसेल हे ठरतं.

आता उंबरठ्याकडे येते. मला या प्रकारात सर्वांत जास्त भावतं ते हेच. बोलावल्याशिवाय आत न येण्याचा नियम ब्रॅम स्टोकरच्या 1897च्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीमुळे प्रसिद्ध झाला, पण त्याची सावली आधीही दिसते. इंग्रज कवी कोलरिजच्या 1816 साली छापलेल्या एका दीर्घकवितेत अनोळखी स्त्री गडाच्या दारात कोसळते आणि भोळी मुलगी तिला उचलून उंबरठ्याच्या आत घेते. पुढे जे होतं त्याची जबाबदारी त्या क्षणी तिच्याकडेही येते. रीजन्सी काळातला, म्हणजे 19व्या शतकाच्या सुरुवातीचा, इंग्लंड तर अशा उंबरठ्यांनी भरलेला होता. ओळख करून दिल्याशिवाय पुरुषाला अनोळखी मुलीला नाचायला बोलावता येत नसे. बाथसारख्या शहरात सार्वजनिक नृत्यसभांमध्ये ओळख करून द्यायला खास अधिकारी असे. लंडनच्या 'ऑलमॅक्स'मध्ये दर बुधवारच्या नाचाला कोण येणार, हे मोजक्या उमराव स्त्रिया ठरवत आणि त्यांच्या परवानगीपत्राशिवाय प्रवेश नसे. अशा जगात परवानगीवाचून दारात अडणारा नायक विचित्र दिसत नाही. सगळेच अडलेले असतात. फक्त त्याच्या अडण्यामागचं कारण वेगळं, आणि ते तिला एकटीलाच कळतं.

वाचकाला इथे नेमकं काय मिळतं? आजूबाजूचे जिवंत पुरुष नायिकेला विचारत नाहीत. बाप विचारत नाही, भाऊ विचारत नाही, ठरलेला नवरा तर मुळीच नाही. विचारावं लागतं ते फक्त त्याला, जो सगळ्यांत धोकादायक आहे. तिच्या होकाराला किंमत आहे ती त्या एका दारात. बायका हे पुन्हा पुन्हा का वाचतात, याचं मला सापडलेलं सगळ्यात खरं उत्तर हे आहे. त्यांना धोका हवा असतो असं नाही. आपल्या 'ये' या शब्दाला वजन असावं, असं त्यांना वाटतं.

आणि यामागे कायदा उभा आहे. कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोनच्या ग्रंथाचा पहिला खंड 1765 साली आला. लग्नानंतर स्त्रीचं कायदेशीर अस्तित्वच स्थगित होतं, ते नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होतं, हे इंग्लंडच्या कायद्याचं तत्त्व त्याने त्यात मांडलं. तिची कमाई त्याची, मुलांवर हक्क त्याचा. 1857पूर्वी पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर संसदेत स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. विवाहित स्त्रीला आपली मालमत्ता खऱ्या अर्थाने स्वतःच्या नावावर ठेवता आली ती 1882च्या कायद्याने. म्हणजे 1810 सालच्या नायिकेपुढे दोन मृत्यू आहेत. एक चर्चमध्ये, सगळ्यांच्या टाळ्यांत, ज्यानंतर ती कायद्याने उरतच नाही. दुसरा अंधारात, मानेवर दोन दातांनी, ज्यानंतर ती स्वतःच्या नावाने शेकडो वर्षं राहू शकते. कोणता मृत्यू जास्त मृत्यू आहे, हा प्रश्न 1810मध्ये खराखुरा आहे. आजच्या काळात तो विचारायचा तर लेखकाला धडपड करावी लागते.

त्यात आजारपणाची भर. रॉबर्ट कॉखने क्षयाचे जंतू 24 मार्च 1882 रोजी जाहीर केले आणि त्यावरचं पहिलं परिणामकारक औषध यायला 1940चं दशक उजाडलं. तोवर घरातली एकेक व्यक्ती फिकट होत, खंगत जायची आणि कारण कळायचं नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एक्झेटर गावी 1892 साली मर्सी ब्राउन या क्षयाने गेलेल्या तरुणीचं प्रेत उकरून हृदय जाळलं गेलं, तिचा आजारी भाऊ वाचावा म्हणून. तो वाचला नाही. अशा काळात 'मी तुला मरू देणार नाही' हे वाक्य नायकाच्या तोंडी शोभतं. अँटिबायोटिक्स आल्यावर त्यातली निकड निघून जाते.

रात्रीचंही तसंच. लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर गॅसचे दिवे 1807 साली लागले, त्याआधी रात्र खरोखर काळी होती आणि खेडोपाडीचे नाच पौर्णिमेच्या आसपास ठेवत, म्हणजे गाड्यांना रस्ता दिसावा. उमराव वर्ग मात्र रात्रीच जगायचा. नाटक, ऑपेरा, जुगार, नाच, पहाटे झोप. 'हा माणूस दिवसा दिसत कसा नाही?' असं कुणाच्या मनातही येत नाही.

इथे एक सावधगिरी सांगते, कारण हस्तलिखितांत ही चूक मला सतत दिसते. सूर्यप्रकाशाने व्हँपायर मरतो, हे 1922च्या एका जर्मन मूकपटातून रूढ झालं. 'ड्रॅक्युला'तला काउंट भर दिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याच्या शक्ती कमी असतात. पोलिडोरीच्या रुथ्वेनला तर चंद्रप्रकाशाने पुन्हा जीव येतो. तुमच्या जगात उन्हाने मरणारा व्हँपायर ठेवायला हरकत नाही, पण 1814 सालच्या पात्राने "ते उन्हात जळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे" असं म्हणू नये. आरशाचंही तेच. प्रतिबिंब न दिसण्याचा नियम स्टोकरमुळे रुजला. 'आरशात चांदी असते म्हणून' हे स्पष्टीकरण जुन्या काळाला लागू पडत नाही, कारण काचेवर चांदी चढवायची रीत 1835 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने शोधली. त्याआधीचे आरसे कथील आणि पाऱ्याचे. अशी एखादी चूक जाणत्या वाचकाला कादंबरीतून बाहेर फेकते, आणि एकदा बाहेर पडलेला वाचक परत आत येत नाही.

'ड्रॅक्युला'बद्दल आणखी एक सांगायला हवं. आपण ती ऐतिहासिक कादंबरी म्हणून वाचतो, पण 1897च्या वाचकाला ती अगदी आजची होती: टाइपरायटर, फोनोग्राफ, कोडॅक कॅमेरा, रक्त देण्याचे प्रयोग, रेल्वेचं वेळापत्रक. जुना काउंट नव्या यंत्रांपुढे हरतो. शिवाय मूळ पुस्तकात काउंट आणि नायिका मीना यांची प्रेमकथा नाही. गेलेल्या प्रेयसीचा पुनर्जन्म कथेतल्या तरुणीत शोधणारा काउंट पडद्यावर आला तो 1973च्या दूरचित्रवाणीपटात आणि मग 1992च्या गाजलेल्या चित्रपटात. पुनर्जन्माची ही जोड आपल्याकडे सहज पचली, कारण जन्मोजन्मीच्या गाठीची आपल्याला मुळातच सवय आहे.

ऐतिहासिक व्हँपायर-प्रणयाला आजचं रूप दिलं दोन अमेरिकन लेखिकांनी. अ‍ॅन राइसच्या 1976च्या कादंबरीतला निवेदक 1791 साली लुइझियानात व्हँपायर होतो. चेल्सी क्विन यार्ब्रोने 1978 साली 1743च्या पॅरिसमध्ये आपला काउंट सेंट जर्मेन उभा केला आणि पुढे 20हून अधिक कादंबऱ्यांत त्याला वेगवेगळ्या शतकांत नेलं. सेंट जर्मेन नावाचा गूढ गृहस्थ त्या काळी खरोखर होता. तो 1784 साली वारला. यार्ब्रोच्या पुस्तकांत व्हँपायर सगळ्यांत दयाळू असतो आणि भीषण गोष्टी माणसं करतात. मला तिचं हे फार मोलाचं वाटतं. तिचा नायक इतिहासाचा साक्षीदार आहे. त्याने प्रेम केलेली प्रत्येक बाई काळाने नेली आहे आणि ती त्याला आठवते. इतिहासाच्या पुस्तकात जिचं नावही नाही, अशा बाईला कुणीतरी शतकानुशतकं आठवत राहतो, ही कल्पना वाचकाच्या फार आतवर पोचते.

राइसच्या पुस्तकात मात्र एक गोष्ट आहे जी तिच्यामागून आलेल्या बऱ्याच लेखकांनी सोडून दिली. तिचा नायक नीळ पिकवणाऱ्या मळ्याचा मालक आहे आणि त्या मळ्यावर गुलाम राबतात. मालक माणूस राहिलेला नाही, हे पहिल्यांदा ओळखतात ते गुलामच. हवेली, मखमल, चांदीचे दिवे यांचा पैसा कुठून आला, हा प्रश्न ऐतिहासिक प्रणयकथेत विचारावाच लागतो. दुसऱ्याच्या रक्तावर जगणारा नायक हवा असेल तर ते रक्त कुणाचं, हेही सांगायला हवं. नोकर-दासींचे बळी जिथे एका ओळीत उरकले जातात, ते हस्तलिखित मी परत पाठवते. तिथे लेखकाने नायिकेचं मन जपलेलं असतं आणि बाकीच्यांच्या जिवाची किंमत शून्य धरलेली असते.

आता मराठीकडे. पहिली सूचना: वेताळाला व्हँपायर करू नका. ही गल्लत 1870 साली रिचर्ड बर्टनने वेताळकथांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात व्हँपायर शब्द घातल्यापासून चालत आली आहे. वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला लटकतो, राजाला कोडी घालतो. रक्तासाठी कुणाच्या मागे लागत नाही. गोव्यात आणि दक्षिण कोकणात तो गावाचा राखणदार आहे. रात्रभर गावात फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वाहतात. त्याला प्रियकर बनवाल तर व्हँपायरही जाईल आणि वेताळही. हडळ, मुंजा, खवीस यांचेही आपापले स्वभाव आहेत. त्यापेक्षा तुमचा व्हँपायर सरळ बोटीने मुंबई बंदरात उतरू द्या, परका म्हणूनच.

काळ निवडायचा तर मी 1880-90चं दशक सुचवेन, आणि कारण पुन्हा तेच: होकार. 11व्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला आणि 1884 साली नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण 1887च्या मार्चमध्ये कोर्टाने सांगितलं: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 1888मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. हा दावा ज्या तरतुदीवर उभा होता ती हिंदू धर्मशास्त्रातली नव्हती, इंग्लंडच्या कायद्यातून आलेली होती. आणि इंग्लंडने त्याबद्दलची तुरुंगाची शिक्षा 1884मध्येच काढून टाकली होती. मी वर लंडनच्या नायिकेबद्दल जे सांगितलं, तो फास इथल्या मुलीच्या गळ्यापर्यंत असा आला. रखमाबाईंना कादंबरीत पात्र करू नका, त्यांचं आयुष्य त्यांचं आहे. पण त्या खटल्याच्या बातम्या माजघरात चोरून वाचणारी मुलगी तुमची नायिका होऊ शकते. उंबरठ्यावरच्या परक्याने "मी आत येऊ का?" असं विचारल्यावर तिला काय वाटेल, हे तुम्हाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि एक तारीख मनात ठेवा. 'ड्रॅक्युला' लंडनमध्ये प्रसिद्ध झालं 1897च्या मे महिन्यात. त्याच वसंतात पुण्यात प्लेगची साथ होती आणि प्लेग अधिकारी रँडच्या देखरेखीखाली गोरे सोजीर रोगी शोधायला घराघरांत शिरत होते, देवघरात, माजघरात, बायकांच्या खोल्यांत, कुणालाही न विचारता. 22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली. लंडनचा वाचक तेव्हा एका परक्या सरदाराच्या भीतीने दाराला लसूण चोळण्याबद्दल वाचत होता, आणि तो सरदार निदान आमंत्रणावाचून आत येऊ शकत नव्हता.

तुम्हाला लिहायचंच असेल तर पहिला प्रसंग तिथे ठेवून बघा. सदाशिव पेठेतला वाडा, दिंडी दरवाजा बुटांच्या लाथेने उघडलेला, चौकात विस्कटलेली भांडी, सोजीर नुकतेच निघून गेलेत. रात्री त्याच उघड्या दारात एक माणूस येऊन उभा राहतो. दार सताड उघडं आहे, अडवणारं कुणी नाही, आणि तरीही तो बाहेरच थांबला आहे. ती कंदील घेऊन येते. तिच्या तोंडी पहिलं वाक्य काय येतं ते तुम्ही लिहा, आणि ते सापडेपर्यंत दुसऱ्या प्रकरणाकडे वळू नका.